शेवटच्या फेरीतली तक्रार

राजी उठली तेव्हा खेळी माझी होती. तिनं हत्ती सी स्तंभावर आणून ठेवला, घड्याळाचं बटण दाबलं, चाल लिहून घेतली आणि खुर्चीला अडकवलेली कापडी पिशवी छातीशी धरून बाथरूमकडे गेली. त्या डावातली ही तिसरी वेळ होती.

मी पटाकडे पाहिलं. माझी काळी मोहरी होती आणि मी हरत होते. अजून कुणाला दिसलं नसेल, पण मला दिसत होतं. तिचा घोडा तीन खेळ्यांत माझ्या राजाच्या तोंडाशी येऊन बसणार होता आणि त्याला अडवायला माझ्याकडे काहीही नव्हतं.

राष्ट्रीय महिला स्पर्धेची ती अकरावी, म्हणजे शेवटची फेरी. कोईमतूरमधल्या एका कॉलेजच्या सभागृहात दुपारी दोनला डाव सुरू झाले होते. मी राजीच्या अर्ध्या गुणानं पुढे होते. मला नुसती बरोबरी पुरणार होती, तिला जिंकणं भाग होतं. विजेती आमच्यातलीच एक होणार होती, आणि विजेतीला जागतिक स्पर्धेत जायला मिळणार होतं. मी सत्तावीस वर्षांची होते. त्या एका संधीसाठी मी आठ वर्षं ही स्पर्धा खेळत होते. दोनदा दुसरी आले होते.

राजी म्हणजे राजमती चौगुले. इचलकरंजीत आमची घरं एकाच गल्लीत. तिच्या आजीचं नाव तिला ठेवलेलं, त्यामुळे शाळेत सगळे चिडवायचे, म्हणून मी तिला राजी म्हणायला लागले आणि तेच नाव पडलं. मी नऊ वर्षांची होते, ती दहाची, तेव्हा घाटगे सरांनी वाचनालयाच्या माळ्यावर आम्हाला समोरासमोर बसवलं. सर चित्रकलेचे शिक्षक होते. त्यांचा एकच नियम होता: डाव संपला की उठायचं नाही. तो पहिल्यापासून परत मांडायचा आणि दोघींनी मिळून बघायचं, कोण कुठे चुकलं. हरलेलीनं आधी बोलायचं.

"इथं तू उंट का घेतलास?"

"मग काय करणार? तुझा वजीर येत होता की."

"येऊ द्यायचा. आला असता तर काय केलं असतं त्यानं?"

असं चालायचं. खाली गल्लीत यंत्रमागांची खटखट चालू असायची आणि वर आम्ही संपलेल्या डावावर तास तास भांडत बसायचो. खरं सांगायचं तर मला खेळण्यापेक्षा ते परत मांडणंच जास्त आवडायचं. पुढं आम्ही राज्याच्या, मग देशाच्या स्पर्धा खेळायला लागलो तरी ते सुटलं नाही. आमच्या दोघींत डाव झाला की बाकीच्या मुली जेवायला जायच्या आणि आम्ही तिथंच बसलेल्या असायचो. पंच दिवे बंद करायला लागायचे तेव्हा उठायचो.

लग्नानंतर राजी निपाणीला गेली आणि वर्षभर खेळली नाही. कोईमतूरला ती आली तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, हिचा सराव सुटला असेल. पहिल्या चार फेऱ्यांत ती चाचपडलीही. मग लागोपाठ सहा डाव जिंकली.

तिसऱ्यांदा ती उठून गेली आणि मी माझं घड्याळ चालू ठेवून उठले. मुख्य पंच नंबियार सर व्यासपीठाजवळच्या टेबलापाशी बसले होते. सावकाश बोलणारे, उंच, पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ. आमचं बोलणं इंग्रजीत झालं.

"सर, माझी प्रतिस्पर्धी दर तासाला बाहेर जाते. पिशवी घेऊन. दहा-दहा, पंधरा-पंधरा मिनिटं."

"बाहेर जायला बंदी नाही. तुमचं म्हणणं काय आहे?"

"तिला मदत मिळतेय अशी मला शंका आहे."

त्या काळात आमच्या खेळात ही भीती नवीन होती. खिशातलं यंत्र कुठल्याही माणसाला हरवू शकतं हे सगळ्यांना कळून चुकलं होतं, पण ते पकडायचं कसं हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. नंबियार सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"शंका आहे, की तुम्ही काही पाहिलंय?"

"शंका आहे."

"तुम्ही दोघी एकाच गावच्या ना?"

"म्हणूनच सांगते सर. मी तिला अठरा वर्षं ओळखते. इतकं अचूक ती कधीच खेळलेली नाही."

"लेखी द्यावं लागेल."

"देते," मी म्हणाले.

त्यांनी कागद दिला. मी चार ओळी लिहिल्या आणि खाली सही केली: विभावरी होगाडे. सरांनी येऊन आमचं घड्याळ थांबवलं.

बाकीचे बहुतेक डाव संपले होते. आमच्या डावावर विजेती ठरणार म्हणून सगळ्या मुली दोरीच्या पलीकडे उभ्या होत्या. राजी परत आली आणि खुर्ची ओढायच्या आत सर तिला हलक्या आवाजात काहीतरी म्हणाले. हलक्या आवाजातलं ते त्या शांत सभागृहात सगळ्यांना ऐकू गेलं.

"माझी पिशवी?" ती म्हणाली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "विभा?"

एवढंच. मी पटाकडे बघत राहिले.

उपपंच वत्सलाबाई म्हणून होत्या, कोईमतूरच्याच, पन्नाशीच्या. त्या राजीला व्यासपीठाशेजारच्या छोट्या खोलीत घेऊन गेल्या. दार लागलं. मी माझ्या खुर्चीत बसून राहिले. बंगालची शर्मिष्ठा दोरीवरून वाकून मला म्हणाली, "सापडेल का गं फोन?"

"बघू," मी म्हणाले.

वीस मिनिटं झाली. दार उघडलं आणि वत्सलाबाई एकट्याच बाहेर आल्या. नंबियार सरांच्या कानाशी वाकून त्या बराच वेळ बोलल्या. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग वत्सलाबाई माझ्याकडे आल्या. पंचांनी खेळाडूशी असं बोलायचं नसतं, पण त्या बोलल्या.

"तिला पाच महिन्यांची मुलगी आहे," त्या म्हणाल्या. "ती तिकडे घरी आहे. इथं हिला दर तासाला दूध काढून टाकावं लागतं, नाहीतर छाती दगडासारखी होते, ताप भरतो. पिशवीत चार टॉवेल होते. ओले. मी एकेक उलगडून पाहिला. झटकून पाहिला. तुम्ही लिहून दिलं होतं म्हणून मला ते करावं लागलं."

मी माझ्या चालींचा कागद सरळ केला.

"तुम्हाला मूल आहे?"

"नाही."

"नाही," त्याही म्हणाल्या आणि निघून गेल्या.

राजी आली तेव्हा तिनं ओढणी समोरून पूर्ण पसरून घेतली होती, तरी खालचा ओला डाग दिसत होता. दोरीपलीकडे कुणीतरी खोकलं. नंबियार सर उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तक्रारीत काहीही तथ्य आढळलेलं नाही. श्रीमती राजमती यांना दहा मिनिटं वाढवून देण्यात येत आहेत."

"नको सर," राजी म्हणाली. "होती तेवढीच ठेवा."

घड्याळ सुरू झालं. सहा-सात खेळ्या ती बरोबर खेळली. घोडा यायचा तिथं आला. माझ्या राजाभोवतीची प्यादी एकेक करून गेली. हात टेबलाखाली घेऊन ती बसली होती आणि चाल करण्यापुरता बाहेर काढायची. तिचे ओठ सुकले होते. मग तिनं दोन खेळ्यांचा क्रम उलटा केला. आधी हत्ती घ्यायचा होता, तिनं आधी शह दिला. एवढीशी चूक. तेवढ्यानं माझा वजीर मोकळा झाला आणि मी तिच्या राजाला शह देत सुटले. याला अंत नाही हे तिलाही कळलं. तीनदा तीच स्थिती आली. नियमानं बरोबरी.

तिनं कागदावर सही केली. हात मिळवला. तिचा हात चांगलाच तापलेला होता. मी अजून खुर्चीत होते, ती उठली, पिशवी घेतली आणि निघाली. पट तसाच होता. मोहरी परत जागेवर लावत मी कितीतरी वेळ बसले होते. आपण काय करतोय तेही मला कळत नव्हतं.

बक्षीस समारंभाला ती थांबली नाही.

मी जागतिक स्पर्धेला गेले. पहिल्याच फेरीत बाहेर पडले. पुढची नऊ वर्षं मी खेळत राहिले, आणखी एकदा राष्ट्रीय विजेती झाले, नोकरीत बढत्या मिळाल्या. राजी त्यानंतर एकही स्पर्धा खेळली नाही. तक्रारीत तथ्य नाही हे सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, पण झडती झाली एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. पुढच्या वर्षी जयपूरला एका नवख्या मुलीनं जेवताना मला विचारलं, "दीदी, ती फोनवाली तुमच्याच गावची ना?" मी तिला सांगितलं, फोन नव्हता. ती म्हणाली, "पण काहीतरी होतं म्हणतात." मी पानातलं संपवलं आणि उठले.

घाटगे सर होते तोवर सणावाराला राजीची खबर त्यांच्याकडून मिळायची. शाळेत गणित शिकवते, मुलगी हुशार आहे. सरांनी मला कधीच काही विचारलं नाही. मी गेले की चहा व्हायचा, आणि पट मात्र ते काढायचे नाहीत.

सोळा वर्षांनी मी निपाणीला गेले. आधी फोन केला नव्हता. करायला गेले असते तर गेलेच नसते.

दार तिनंच उघडलं. केस बरेच पांढरे झाले होते. दार पूर्ण उघडून ती बाजूला झाली.

"ये," म्हणाली. "चप्पल आत काढ. बाहेर ठेवली तर कुत्री नेतात."

आत टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. तिनं तो बाजूला केला आणि चहा टाकला. मी माझी पिशवी मांडीवर धरून बसले. तेवढ्यात आतून सोळा-सतरा वर्षांची मुलगी आली.

"सन्मती, नमस्कार कर. आमच्या इचलकरंजीच्या आहेत या."

मुलीनं वाकून नमस्कार केला आणि क्लासला निघून गेली. आमच्या इचलकरंजीच्या. मैत्रीण म्हणायची माझी तिच्याकडून अपेक्षा नव्हती, तरी ते लागलं.

"राजी, मला तुला एक सांगायचंय. कोईमतूरचं."

"काय सांगणार?" चहा गाळता गाळता ती म्हणाली. "मला माहीत नाही असं काय आहे त्यात?"

खरंच नव्हतं. तिला माहीत होतं. त्या सभागृहात ते फक्त आम्हा दोघींना माहीत होतं, आणि इतकी वर्षं मी ते तिसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या स्पर्धेत सहाव्या फेरीनंतर विश्रांतीचा दिवस होता. राजी सकाळी माझ्या खोलीत आली आणि पलंगावर बसून रडायला लागली. म्हणाली, "छाती नुसती ठणकतेय गं. दर तासाला उठावं लागतंय. डावात लक्ष कुठं ठेवू?" बाळाला परगावी न्यायचं नाही अशी सासूबाईंची अट होती. तेरा दिवसांचा प्रश्न होता. दूध आटू नये म्हणून ती काढत होती आणि बेसिनमध्ये सोडत होती. "कुणाला बोलू नकोस विभा. बाळंतीण कशाला खेळायला आली, म्हणतील." मी खालून गरम पाणी मागवलं. टॉवेल बुडवून पिळून तिला शेकायला दिला. एक गार झाला की दुसरा. दुपारपर्यंत आम्ही तेच करत होतो. माझेच दोन टॉवेल मी तिला देऊन टाकले. कोईमतूरच्या त्या छोट्या खोलीत वत्सलाबाईंनी जे चार उलगडून पाहिले, त्यांतले दोन माझे होते.

मला शंका आली नव्हती. एक क्षणही नाही. मी हरत होते आणि ती कशानं मोडेल ते मला माहीत होतं. लबाडी त्या डावात झाली, ती मी केली.

"त्यांनी तुला विचारलं नाही का," मी म्हणाले, "कुणाला ठाऊक आहे का म्हणून?"

"विचारलं की."

"मग?"

"कुणाला नाही म्हणाले."

"का?"

राजीनं कप माझ्यासमोर ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसली.

"तुझं नाव सांगितलं असतं तर तुला तिथल्या तिथं बाद केलं असतं. मग मला तो डाव बसल्या जागी मिळाला असता. मला तो खेळून पाहिजे होता विभा. जिंकत होते मी."

"हो. जिंकत होतीस."

"एवढंसं पोर टाकून आले होते त्यासाठी." तिचा आवाज जरा वर गेला, मग तिनं तो खाली आणला. "घरी पोचले तर तिनं तोंड लावलं आणि रडायलाच लागली. दोन दिवसांत काय होतं नव्हतं ते आटलं. त्याबद्दल तुला बोलत नाही मी. ते झालंच असतं कदाचित."

"मला माफ कर, राजी."

"मला सांगून काय करतेस? मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे." तिनं उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सरळ केला. "शाळेत बुद्धिबळाचा वर्ग घ्या म्हणून मुलं मागं लागली होती. घेतला. महिन्यानं एक पालक आले. मॅडम, तुमच्याबद्दल नेटवर काहीतरी वाचलं म्हणाले. बंद केला वर्ग. ज्यांच्यासमोर मला उठवून नेलं, त्यांना सांग की. त्यांना अजून माहीत नाही."

मी हो म्हणाले. निघताना मी विचारलं, "एक डाव खेळशील?"

"पट नाही घरात," ती म्हणाली.

त्या वर्षीच्या स्पर्धेत आम्ही बारा जणी होतो. बाकी दहा जणींचे पत्ते शोधायला मला दोन महिने लागले. दोघी परदेशात होत्या. प्रत्येकीला वेगळं पत्र लिहिलं, नंबियार सरांना लिहिलं, आणि खेळाची व्यवस्था बघणाऱ्या कार्यालयाला लिहिलं की तो किताब माझ्या नावावरून काढावा. कार्यालयाकडून उत्तर आलं की नोंद घेतली आहे, परंतु इतक्या कालावधीनंतर निकाल बदलता येत नाही. नंबियार सरांनी मोठं पत्र लिहिलं. त्यात स्वतःलाच दोष दिला होता. पाच जणींची उत्तरं आली. शर्मिष्ठाचं असं: "आम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. एका ताटात जेवणाऱ्या तुम्ही दोघी, आणि तिला मूल झालेलं तुला माहीत नसेल? आम्ही आपापसांत बोललो. तुझ्यासमोर कुणी बोललं नाही. तुमच्यातलं कुणीही जिंकलं तरी आम्हाला काय फरक पडत होता?"

ज्या मासिकात तेव्हा स्पर्धेचा वृत्तांत आला होता, त्यांनी माझं पत्र कोपऱ्यात छापलं.

सगळ्याची एकेक प्रत मी राजीला पाठवली, कुणाकुणाला लिहिलं त्या यादीसकट. तीन आठवड्यांनी तिचं उत्तर आलं, शाळेच्या वहीच्या कागदावर.

"पाकीट मिळालं. यादी वाचली. वत्सलाबाईंचं नाव त्यात नाही. त्यांनी मला आत बसवून पाणी दिलं, आणि नंतर टॉवेल पिळून खिडकीत वाळत घातले. त्यांना लिही. राजमती."

मला त्यांची आठवणच राहिली नव्हती. म्हणजे त्या मला काय म्हणाल्या ते शब्द न् शब्द लक्षात होतं, पण त्यांनाही काही सांगायला हवं हे सुचलं नव्हतं. मी पुन्हा नंबियार सरांना लिहिलं, त्यांच्याकडून पत्ता मिळवला, आणि वत्सलाबाईंना पत्र टाकलं. दीड महिन्यानं त्यांच्या मुलाचं उत्तर आलं. आई तीन वर्षांपूर्वी गेली. तुमचं पत्र मी वाचलं. आई त्या दिवसाबद्दल घरी बोलायची. पुन्हा कधी पंच म्हणून गेली नाही.

हे राजीला कळवणं भाग होतं. मी लिहायला बसले. चार ओळींचा मजकूर होता. मी तो लांबवायचा पुष्कळ प्रयत्न केला. घाटगे सरांच्या माळ्याबद्दल लिहिलं आणि खोडलं. सन्मतीनं बारावीनंतर काय करायचं ठरवलंय ते विचारलं आणि तेही खोडलं, कारण तो प्रश्न विचारायचा हक्क मैत्रिणीला असतो. शेवटी चार ओळीच राहिल्या.

पाकीट बंद करून, तिकीट लावून मी ते टेबलावर ठेवलं. पोस्टाची पेटी आमच्या घरासमोर आहे. तरी दोन दिवस मी ते टाकलं नाही. ते गेलं की राजीला लिहायला माझ्याकडे काही कारण उरणार नव्हतं.